करंट मारणारा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर करंट मारायचा. जोराचा नाही. कॅबिनेटच्या कडेला बोट लागलं की मुंगी चावल्यासारखं व्हायचं आणि हात आपोआप मागे यायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. मी पायाखाली लाकडी पाट घेऊन बसायचे. आई रोज सकाळी फडकं मारताना स्क्रीन पुसायची, टेबल पुसायची आणि कॅबिनेट तेवढं सोडून द्यायची. "तेका हात लावलेलो आवडना नाय," असं ती म्हणायची. घरातल्या एखाद्या तापट माणसाबद्दल बोलावं तसं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातलं एक माणूस गेलं असतं. हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं आठवताना मला तेच दिसत राहतं, आणि ते शेवटपर्यंत लपवून ठेवणं मला जमणार नाही. त्या वेळी मात्र माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. हा जुना कॉम्प्युटर थोडा खर्च करून सुधारून घ्यायचा, की सुटे भाग आणून नवा जोडायचा?

मी तेव्हा कुडाळला बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, मग काजूची बाग आणि भातशेती. दादा दहावी करून गोव्याला एका कंपनीत लागला. त्याच कंपनीच्या ऑफिसातून काढून टाकलेला हा कॉम्प्युटर त्याने माझ्यासाठी आणला होता. घरात माझं मत कुणी फारसं विचारत नसे. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र मी काहीही म्हटलं तरी सगळे मान हलवायचे, कारण मी काय म्हणते ते कुणालाच कळत नसे. दोन्हींत मला सारखंच एकटं वाटायचं.

माझा प्रोजेक्ट काजूच्या बियांचा होता. गावातले लोक बिया वाळवून पोत्यात भरतात, पोती सोसायटीत जातात. कुठलं पोतं कुणाचं, बिया किती वाळलेल्या, कधी आल्या, हे सगळं नोंदवणारा एक साधा प्रोग्रॅम मी लिहीत होते. मे महिन्यात तो द्यायचा होता. कॉम्प्युटरची अवस्था अशी की तो चालू करून मी आंघोळीला जायचे आणि येईपर्यंत तो तयार होत असायचा. त्याच्यातलं घड्याळ बिघडलं होतं, दर वेळी तो कुठल्यातरी जुन्याच सालात जागा व्हायचा. विंडोजचं नवीन व्हर्जन त्याच्यावर चालणार नाही, असा निरोप स्क्रीनवर पुन्हा पुन्हा यायचा. पंख्यातून सुकी पानं घासल्यासारखा आवाज यायचा. आणि मधूनच, काही कारण नसताना, तो बंद पडून परत सुरू व्हायचा.

काही कारण नसताना, असं तेव्हा मला वाटायचं.

त्या वर्षी दादाचं लग्न ठरलं होतं, तेही मे महिन्यातच. त्यासाठी फेब्रुवारीत बाबांनी घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, सिमेंटचं करून घेतलं. आधी ते शेणाने सारवलेलं होतं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं दादाचं म्हणणं. तुळस पडवीच्या पायरीजवळ होती. ती मांडवाला आड येत होती म्हणून खळ्याच्या पूर्वेच्या कडेला न्यायची ठरली. आमच्याकडे अशी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. बाबा देवळात गेले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला फुलांचे कळे लावले, उजवीकडचा कळा आधी पडला, म्हणजे होकाराचा उजवा कौल मिळाला. बाबा खुशीत घरी आले.

"मगे माझ्या कॉम्प्युटरचो पण कौल घेवया," मी चेष्टेत म्हटलं. "जुनो ठेवचो काय नवो हाडूचो."

"देवाक पण तुझा इंग्लिश येवक होया ना," आई म्हणाली.

सगळे हसलो. तुळस हलली. पांढरं स्वच्छ सिमेंट घातलं गेलं. पहिले काही दिवस त्याच्यावर चप्पल घालून जायलाही आम्हाला धीर होत नव्हता.

मार्च संपता संपता करंट वाढला.

मला ते आधी कळलं नाही. एक दिवस पेन ड्राइव्ह लावताना मनगट कॅबिनेटला टेकलं आणि कोपरापर्यंत झटका गेला. हात बराच वेळ जड वाटत होता. मी पाटाखाली रबरी पायपुसणं घातलं. चार दिवसांनी आईने टेबल पुसताना चुकून हात लावला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. ती पडवीत येऊन बसली, तळहात बघत.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं.

"तेचो राग वाढलो हा," आई म्हणाली. हसली नाही.

"जुना झाला काय असाच जाता," बाबा म्हणाले. "लगीन होवंदे, मगे तिका नवो घेवया."

मी पण तेच धरून चालले होते. यंत्र म्हातारं झालं, आतलं काहीतरी फुटलंय, त्याचा शेवट जवळ आलाय. कॉलेजात मैत्रिणींना विचारलं. एक म्हणाली पॉवर सप्लाय गेला असेल, तेवढाच बदल. दुसरी म्हणाली एवढ्या जुन्याला पैसे लावू नको, नवा जोडून घे. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, भाग निवडायचे, मग पुन्हा मन बदलायचे. रोज ठरवायचे आणि रोज मोडायचे.

त्याच सुमाराला गाय पाणी पिईनाशी झाली.

आमची विहीर घराच्या मागे आहे. पंपाचा लोखंडी पाइप विहिरीवरून येतो आणि माड-पोफळींना पाणी सोडायच्या आधी गुरांसाठी ठेवलेल्या दगडी डोणीत पडतो. सकाळी बाबा पंप लावत, डोण भरे, गाय येऊन पीत असे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. आता ती डोणीपाशी यायची, मान खाली घालायची आणि पाण्याला तोंड लागताच झटकन मागे सरायची. परत यायची, परत मागे. डोळे मोठे करून उभी राहायची. बादलीत पाणी दिलं की ती घटाघटा प्यायची.

आई मीठ-मिरच्या उतरून टाकून आली. "कोणाची तरी नजर लागली हा तिका. लग्नघर आसा, लोक येतत जातत."

कुत्राही आता डोणीच्या बाजूच्या ओल्या जमिनीवरून जात नव्हता. आधी तो तिथेच थंडाव्याला पडून असायचा. आता लांबून वळसा घालून जायचा. मी हे बघितलं होतं. बघितलं आणि प्रोजेक्टला बसले.

सकाळी पंप सुरू झाला की कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू व्हायचा, हेही मला एव्हाना कळलं होतं. पण त्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता. पंप करंट ओढतो, म्हातारं यंत्र दम धरत नाही. ते खरंही होतं. फक्त तेवढंच खरं नव्हतं.

शेवटी एका शनिवारी मी कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीने कुडाळला नेला. मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने वाकून बघितलं.

"झोपलो काय तो?"

"कॉम्प्युटर आहे," मी म्हटलं.

"हाफ तिकीट काढू काय ह्याचा?"

शेजारची बाई हसली, मीही हसले. पण मनात धास्ती होती की आज तो संपला असं कुणीतरी सांगणार.

दुकान बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार तिशीचा होता, बोलका. त्याने कव्हर काढलं आणि ब्रशने आतली धूळ काढायला लागला. मदरबोर्डच्या कडेला हिरवट डाग होते. खाऱ्या हवेमुळे होतात, तो म्हणाला, सगळ्यांच्याच होतात. पॉवर सप्लायच्या जाळीत मेलेल्या मुंग्यांची रांग होती. त्याने ती फुंकून उडवली.

"हार्ड डिस्क काढून एसएसडी टाक, रॅम वाढव, सेल बदल, मगे ह्यो अजून दोन-तीन वर्सां तुका साथ देतलो. नायतर नवो जोडूया. तू सांगशीत तसा."

"पण तो करंट मारता," मी म्हटलं. "खूप जोरात."

त्याने लगेच कॅबिनेट प्लगला लावला, चालू केला आणि सगळा तळहात त्याच्या पत्र्यावर ठेवला. मी नकळत मागे झाले.

"खंय मारता? माका तर कायच लागना नाय."

मी हळूच एक बोट लावलं. मग दोन. मग त्याच्यासारखा हात ठेवला. थंड पत्रा. काहीच नाही. कितीतरी महिन्यांनी मी त्या कॅबिनेटला असा हात लावत होते.

"घरी मारता," मी म्हटलं. माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

"मगे घर नवीन जोड," तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला. बाजूला मोबाइल दुरुस्त करत बसलेला माणूसही हसला.

मी काहीच ठरवलं नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि परत चादर गुंडाळली. दवाखान्यात गेल्यावर दुखायचं थांबतं तसं वाटत होतं. येताना एसटीत कॅबिनेट मांडीवर होता आणि मला राहून राहून वाटत होतं की त्याच्यात काही नाही. तो बरा आहे. ते वाटणं चांगलं असायला हवं होतं. पण कोलगावच्या पुढे गाडी वळली, ओळखीची झाडं दिसायला लागली आणि मला प्रश्न पडला. यंत्र बरं असेल तर करंट कुठून येतो?

घरी येऊन मी तो होता तिथे लावला. बोट टेकवलं. मुंगी चावली.

रविवारी सकाळी मी लवकर उठून बसले होते. बाबांनी मागे पंप लावला. कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू झाला. मी पाटावर पाय ठेवून, बोटाच्या मागच्या बाजूने, कॅबिनेटला अगदी निसटता स्पर्श केला. या वेळी मुंगी नव्हती. कुणीतरी हातावर फटका मारल्यासारखं वाटलं.

पहिल्या वर्षी लॅबमध्ये सरांनी आम्हाला बोर्डावरच्या थ्री-पिनबद्दल सांगितलं होतं. खालच्या दोन भोकांपैकी एकात वीज असते. वरचं मोठं भोक अर्थिंगचं, ते जमिनीला जोडलेलं. त्याच्यात कधीच काही नसतं. "तिथे टेस्टर लागला," सर म्हणाले होते, "तर त्या घरात कशालाही हात लावू नका. बाहेर या." आम्ही ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत आलं नाही.

बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून मी टेस्टर आणला. पाट सरकवून बोर्डापाशी नेला, त्याच्यावर उभी राहिले. आधी कॅबिनेटला लावला. टेस्टरमधला छोटा दिवा लाल झाला. मी कॉम्प्युटरचा प्लगच काढून टाकला. आता त्या यंत्राचा घराशी काही संबंध नव्हता. मग स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजच्या हँडलला टेस्टर लावला. लाल. परत येऊन रिकाम्या बोर्डाच्या वरच्या भोकात टेस्टर घातला.

लाल. खालच्या भोकात दिसतो तसाच, तेवढाच.

मी तिथेच उभी राहिले. मागे पंपाचा आवाज चालू होता. त्या आवाजात आईचा आवाज आला. ती गाईशी बोलत होती.

"ये गो बाय. ये. हय बघ, मी धरतंय पायप, पी बघया."

मी धावले नाही. हे मला नीट आठवतं. धावायचं की ओरडायचं की आधी मेन बंद करायचा, याच्यात मी क्षणभर अडकले, आणि मग मेनकडे गेले. मेन पडवीत, दाराच्या वर. लाकडी खुर्चीवर चढून मी तो खाली ओढला. पंपाचा आवाज बसत बसत थांबला.

मागच्या दारी आले तेव्हा आई डोणीजवळ अनवाणी उभी होती. पायाखाली ओलं होतं, हात कोपरापर्यंत भिजलेले. उजवा हात पाइपाच्या दिशेने पुढे होता, अजून वीतभर अंतरावर. गाय तिच्या मागे उभी होती आणि पुढे यायला तयार नव्हती.

"लाईट गेली वाटता," आई म्हणाली.

"पायपाक हात लावू नको," मी म्हटलं.

"कित्या गो?"

मी तिला हाताला धरून ओल्या जमिनीवरून बाजूला घेतलं. बाबा बागेतून वर आले, हातात कोयती, कपाळाला आठ्या.

"लाईट गेली?"

"मी बंद केलंय."

"खुळा झालंस? पोफळी सुकतत. चालू कर."

मी सांगायला लागले. वरचं भोक, टेस्टर, फ्रिज, दुकानदाराचा हात. माझं सगळं उलटसुलट झालं. मी घाबरले की शुद्ध बोलायला लागते, ऑफिसात बोलल्यासारखं, आणि बाबांना त्याचा आणखी राग येतो.

"कॉम्प्युटर करंट मारता तर तो काढून टाक," ते म्हणाले. "पंपान काय केला तुझा? ह्यो पंप तुझ्या जन्माच्या आधीचो."

"कॉम्प्युटरमध्ये काही नाही बाबा. तो घरातला करंट दाखवतोय. आपलं अर्थिंग गेलंय. आणि पंपातून करंट सगळीकडे येतोय, पाइपात, फ्रिजला, सगळीकडे."

"कॉलेजात शिकवलानी काय ह्या?"

"हो."

"बरा," ते म्हणाले आणि पडवीकडे चालू लागले.

मी त्यांच्या आधी पोचले. मेनच्या बाजूला चिनी मातीचा फ्यूज होता, जुना, हाताने ओढून काढायचा. मी तो ओढून काढला आणि मुठीत धरला. बाबा समोर उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला.

"दी हयसर."

मी दिला नाही. एरवी मी बाबांना कधी नाही म्हटलेलं नाही. कॉलेजात जायचं होतं तेव्हासुद्धा मी हट्ट केला नव्हता. आईनेच बोलणं काढलं होतं. त्या सकाळी मला शंका होती, खूप होती. मी चुकीची असले तर काय? टेस्टर जुना असला तर? लग्नघरात वीज बंद करून बसलेली पोरगी म्हणून गावभर हसतील. पण डोणीजवळचा तो वीतभर अंतर राहिलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"दी म्हणतंय ना."

"नाय," मी म्हटलं.

आई मागून आली होती. पदराला हात पुसत ती दारात थांबली.

"गाय पण थयसर जायना नाय," ती बाबांना म्हणाली. "कितके दिवस झाले. तुम्ही बघितलात मा?"

बाबांनी पुढे केलेला हात खाली घेतला.

"चेडू एक सांगता, गाय तेच सांगता. तुमका अजून कोणी येवन सांगूक होया?"

बाबा पायरीवर बसले. कोयती बाजूला ठेवून ते सिमेंटच्या खळ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, आता आवाज वेगळा होता, "अर्थिंग म्हणजे ता जमिनीत घालतत ता?"

"हो."

"आपला खंय आसा?"

मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी घरात वीज आली होती.

"तुळशीच्या पायाक घातलेलो ना पायप," ती म्हणाली. "मीठ नि कोळसो घालून. ओल रवाक होई म्हणालो तो वायरमन. वयनी, तुम्ही तुळशीक रोज पाणी घालतलास, म्हणान हयच बसवतंय म्हणालो. वेगळा पाणी घालूक नको."

इतकी वर्षं आई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालत आली होती, आणि त्या पाण्यानेच घराची वीज जमिनीत मुरत होती. तुळस कडेला गेली तसं पाणीही तिच्याबरोबर कडेला गेलं. पाइप जुना, गंजलेला, म्हणून मुंगी आधीपासूनच चावत होती; आता पायरीजवळची जांभ्याची जमीन सिमेंटखाली, मार्च-एप्रिलच्या उन्हात, पार कोरडी होत गेली.

"पायपाचा तोंड वर होता," बाबा हळूच म्हणाले. "पाय आपटतत म्हणान मीच गवंड्याक सांगलंय कापूक."

मग ते उठले, मागे गेले आणि पहार घेऊन आले. आम्ही दोघींनी त्यांना थांबवलं नाही. नव्या खळ्यावर त्यांनी पहिला घाव घातला तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. सिमेंट सहज फुटत नव्हतं. आवाज ऐकून शेजारचे काका बांधावर येऊन उभे राहिले.

"अरे, लगीन मोडला की काय?"

"लगीन नाय मोडूक," बाबा घाव घालता घालता म्हणाले. "खळा मोडतंय."

सिमेंटखाली लाल धूळ निघाली. धूळच, माती नाही. हातात घेतली तर बोटांमधून वाळूसारखी गळत होती. तिच्यात कापलेल्या पाइपाचं गंजकं तोंड आणि त्याला बांधलेली तार दिसली. आईने कळशीभर पाणी आणून ओतलं. जमिनीने आवाज करून ते पिऊन टाकलं. दुसरी कळशी ओतली. तीही गेली.

फ्यूज त्या दिवशी मी परत लावू दिला नाही आणि बाबांनीही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याच्याबरोबर पंपवाला. पंपाची मोटर खोलली तेव्हा आतल्या तारांवरचा लेप एका बाजूला जळून गेला होता आणि तार मोटरच्या लोखंडाला टेकली होती. वायरमनने बाबांना जरा बाजूला नेऊन सांगितलं, पण मागच्या दारात उभ्या असलेल्या आईला ते ऐकू गेलं. ओल्या हाताने कुणी तो पाइप घट्ट धरला असता तर त्याला हात सोडवता आला नसता. आई आत गेली आणि दुपारच्या जेवणाची तयारी करायला लागली. भाताला दोनदा पाणी घातलं.

संध्याकाळी बाबा देवळात जाऊन आले.

"देवान तर उजवो कौल दिल्लो," ते म्हणाले.

"तुम्ही तुळशीचा विचारलास," आई म्हणाली. "पायपाचा खंय विचारलास?"

नवीन अर्थिंग वायरमनने न्हाणीघराच्या मागे केलं, जिथे बारा महिने पाणी वाहतं. मेनजवळ एक छोटा डबा बसवला. कुठे करंट बाहेर झिरपला की तो स्वतःच वीज तोडतो. खळ्यात पायरीजवळ फुटलेला चौकोन तसाच राहिला, लग्नाआधी बुजवायला वेळ नव्हता. त्यावर एक पाट उपडा ठेवला.

कॉम्प्युटरचं मी दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं. नवा जोडला नाही. त्याच जुन्याला एसएसडी लावली, रॅम वाढवली, घड्याळाचा सेल बदलला. तो आता पटकन सुरू होतो आणि बरोबर सालात जागा होतो. मी प्रोजेक्ट वेळेवर दिला. तोंडी परीक्षेत प्रोग्रॅम चालला, मला चांगले मार्क पडले. पण त्याबद्दल मला जसं वाटायला हवं होतं तसं वाटलं नाही. काहीतरी माझ्या आत बदललं होतं. कुठल्याही घरात गेले की माझी नजर आधी बोर्डाकडे जायची. मैत्रिणीच्या घरी, मामाकडे, कॉलेजच्या ऑफिसात. वरच्या भोकाकडे बघून मी मनात विचारायचे, इथे काय आहे?

लग्नाच्या आदल्या दुपारी लायटिंगवाला आला. खळ्यात मांडव होता, पाहुणे होते, दादाला हळद लावून झाली होती. लायटिंगवाल्याने फणसावरून, पडवीवरून, माडांमधून दिव्यांच्या माळा नेल्या. चालू करून बघितलं आणि नव्या डब्याने लगेच वीज तोडली. त्याने परत चालू केलं. परत तोडली. तीन-चार वेळा असं झालं. पाहुणे हसायला लागले.

"काका, ह्यो तुमचो डबो लाडावलेलो आसा," तो बाबांना म्हणाला. "मी डबो सोडून मेनच्या आधीसून कनेक्शन घेतंय. मगे काय एक प्रॉब्लेम नाय."

दादा घाईत होता. "घे रे. आता लोक येतले."

लायटिंगवाला शिडी घेऊन मेनकडे निघाला. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी फक्त हात वर करून त्याला थांबवलं.

"आधी चेडवाक विचार," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या, मामी, दादाच्या होणाऱ्या सासुरवाडीहून आलेले दोन पाहुणे, हळदीने माखलेला दादा. त्या सकाळी मी मुठीत फ्यूज धरला होता तेव्हा माझ्यामागे टेस्टरचा लाल दिवा होता, समोर आई होती. आता काहीच दिसत नव्हतं. खळ्यात मुलं धावत होती. दिव्यांच्या तारा त्यांच्या डोक्यावरून, पायांमधून, पाणी शिंपडलेल्या जमिनीवरून गेल्या होत्या. डबा का तोडतोय ते मला माहीत नव्हतं. कदाचित काहीच नसेल. कदाचित डबाच बिघडला असेल.

"बोल लवकर," दादा म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "मेनच्या आधी घेऊ नको. का पडतोय ते आधी बघू."

"एवढी तार कोण बघतलो?" लायटिंगवाला म्हणाला.

"मी बघते. प्लग काढून ठेव."

त्याने खांदे उडवले आणि प्लग काढला. मुलांना आईने पडवीत घेतलं. मी माळेचं एक टोक हातात घेतलं आणि एकेका दिव्यापाशी थांबत, एकेक जोड बघत, फणसाच्या बाजूने मागे निघाले. तार माडांमधून विहिरीकडे जात होती, आणि पुढे ती ओल्या गवतात कुठे शिरली आहे ते मला दिसत नव्हतं.